सासऱ्यांचे हिरे

माझे सासरे आणि मी एकाच संस्थेत दगड तपासतो. लग्नाआधी मला हे फार सोयीचं वाटलं होतं. घरात बोलायला विषय शोधावा लागणार नाही, असा माझा भाबडा हिशोब. लग्नानंतर कळलं, विषय एकच असला की भांडणही एकच असतं, फक्त ते दोन पाळ्यांत चालतं.

भांडण समुद्राच्या तळावरून आहे. समुद्राचा तळ एका जागी पडून राहत नाही. आपली नखं वाढतात त्या वेगाने तो सरकत असतो, आणि कुठेतरी शेजारच्या जमिनीखाली तिरका घुसून खोल जातो. जाताना रिकाम्या हाताने जात नाही. दगडात मुरलेलं पाणी आणि शिंपल्या-चुनखडीतला कार्बन बरोबर नेतो. खाली दाब आणि उष्णता इतकी, की दगडातून पाणी पिळून निघतं. ते वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, त्यामुळे तो खडक लवकर वितळतो, आणि यथावकाश ज्वालामुखीच्या तोंडातून वाफ आणि कार्बनचा वायू पुन्हा हवेत येतात. इथवर सासऱ्यांचं आणि माझं एकमत आहे. इथून पुढे आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही.

सासऱ्यांच्या मते बहुतेक कार्बन परत येतच नाही. तो खोल जातो, आणखी खोल जातो आणि तिथेच राहतो. "गेलं ते गेलं," असं ते म्हणतात, आणि हरवलेल्या छत्रीबद्दलही ते हे वाक्य त्याच गंभीर आवाजात म्हणतात. माझं म्हणणं वेगळं. पाणी बाहेर पडताना कार्बनला आपल्यात विरघळवून बरोबर घेऊन निघतं, आणि ज्या डोंगराचे दगड आम्ही दोघं तपासतो तिथे तरी ही निघानिघ बरीच वर, चाळीसेक किलोमीटर खोलीवरच उरकली होती. तो डोंगर म्हणजे एकेकाळी असाच खाली गेलेला आणि मग मुकाट वर आलेला समुद्राचा तळ आहे. त्यातल्या गार्नेटच्या लाल कणांच्या पोटात गारगोटीचे बारीक कण अडकलेले असतात. त्यांच्यावर लेसर टाकला की ते किती दाबाखाली अडकले ते कळतं, आणि दाब कळला की खोली कळते. ही मोजमापं करण्यात माझी पाच वर्षं गेली. डोळ्यांना चष्मा लागला, तो वेगळाच.

आता खरी गोष्ट. आमच्या विभागात कायमची खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर सासरे बसतात. मी कंत्राटी. दर वर्षी माझं कंत्राट संपतं आणि दर वर्षी संचालक ते नवं करताना असा चेहरा करतात, जणू स्वतःचं मूत्रपिंड काढून देत आहेत. सासरे या वर्षी निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी मुलाखती ठरल्या होत्या आणि माझं नाव यादीत पहिलं होतं. मला ती खुर्ची हवी होती. सासऱ्यांची म्हणून नव्हे, माझी म्हणून हवी होती. ती मिळाली असती तर निदान पुढची मोजमापं 'पुढच्या वर्षी असेन की नसेन' असं म्हणत करावी लागली नसती.

नवऱ्याला हे सगळं सांगून झालं होतं. तो कानांचा डॉक्टर आहे. "तुमच्या दगडधोंड्यांत मी पडत नाही," एवढं बोलून तो मोकळा होतो.

सासऱ्यांची एक खोड आहे. ते आपले दगड स्वतःच घासतात. दगडाची पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि फिरत्या थाळीवर ताणलेल्या मखमली कापडावर, पावडर टाकून, आरशासारखी होईपर्यंत घासायची, असं हे काम असतं. बाकी सगळे हे काम यंत्राच्या स्वाधीन करून चहाला जातात. सासरे बाह्या सरसावून उभे राहतात. "माझ्या दगडाला परका हात नको," असं म्हणतात. घासायच्या खोलीच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक पाटी आहे: 'ज्या दगडात कार्बन शोधायचा, त्याला हिऱ्याची पेस्ट लावू नये.' कारण उघड आहे. झिलई आणायची ती पेस्ट हिऱ्याच्या भुकटीची असते आणि हिरा म्हणजे कार्बनच. ही पाटी त्यांनी तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. मीही त्यातलीच.

आणि एका सकाळी याच माणसाला दगडात हिरे सापडले.

लेसरचं यंत्र मी चालवत होते, तेव्हा मीच पहिली साक्षीदार. लेसर पडला की प्रत्येक खनिज पडद्यावर आपल्या ठरावीक रेघा काढतं; त्या सकाळी हिऱ्याची ती एकुलती एक, सरळ, उंच रेघ उभी राहिली. सासरे खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. मग माझा खांदा धरून म्हणाले, "बघ. बघ. मी काय म्हणत होतो?"

खडकात हिरा तयार व्हायचा तर तो खडक शंभराहून जास्त किलोमीटर खाली जायला हवा. म्हणजे कार्बन खोल गेला होता. म्हणजे माझं चाळीस किलोमीटर आणि माझी पाच वर्षं एका रेघेत संपली. तोंडाने मात्र "अभिनंदन, सर" म्हणाले, कारण ऑफिसात त्यांना सर म्हणायचं असा नियम आहे.

मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. आमच्या संचालकांना सगळे पाठीमागे फीतकापे म्हणतात. त्यांच्या टेबलाच्या खणात कात्री कायम तयार असते. त्यांनी दुपारपर्यंत पत्रकार बोलावले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर सासरे, हातात दगड, खाली मोठ्या अक्षरांत 'हिरे सापडले!' ते हिरे धुळीच्या कणापेक्षा लहान आहेत, हे आतल्या पानावर छापलं होतं आणि आतलं पान कोण वाचतो? मामेसासऱ्यांनी फोन करून विचारलं, "एखादा खडा आमच्या हिच्यासाठी जमेल का? मोठा नको, कानातलं होईल इतका." समोरच्या घरातल्या बाईंनी कुलूप बदलायचा सल्ला दिला. घरासमोर एक माणूस दोन दिवस घुटमळत होता. तो वीज मीटर बघायला आलेला निघाला.

फीतकाप्यांनी सासऱ्यांच्या सत्काराचा दिवस ठरवला आणि माझ्या मुलाखती त्यानंतर ढकलल्या. "एवढा शोध लागल्यावर सरांना घरी बसवायचं का, याचाही विचार करावा लागेल," असं मला जिन्यात सांगितलं. वर म्हणाले, "तुम्हाला तर आनंदच असेल, मॅडम. घरचीच गोष्ट." मी दात दाखवले. त्यांना ते हसू वाटलं.

मी पुन्हा यंत्रापाशी बसले. मत्सर म्हणा हवं तर, मला काही वाटत नाही. मत्सराने बसलेला माणूसही मोजमाप नीट करू शकतो. एकेक हिरा पुन्हा बघितला. सगळे एका मापाचे होते. अगदी चाळणीतून काढल्यासारखे. पृथ्वीच्या पोटात इतकी वर्षं शिजलेली गोष्ट अशी एका मापाची निघत नाही. शिवाय सगळे हिरे चकतीच्या वरच्या अंगाला, ओरखड्यांत आणि खळग्यांत बसलेले. लेसर जरा आत नेला की तिथे फक्त दगड.

घासायच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. छे. सासरे आणि हिऱ्याची पेस्ट? जो माणूस ती ट्यूब कार्बनच्या दगडांच्या कपाटापासून दुसऱ्या खोलीत ठेवायला लावतो, तो? त्यांनी अशा दगडांसाठीची, कार्बन नसलेली पांढरी पावडर वापरली होती. ती मी स्वतःच आणून दिली होती.

उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं. सासूबाई कढई घासत होत्या आणि कढईत तोंड दिसत होतं.

"आई, कशाने घासता हो? काय लखलखतेय!"

"अगं, यांचं जुनं कापड." त्यांनी हातातला मखमलीचा गोल तुकडा दाखवला. "झिजलं की मला देतात. याच्यापुढे बाजारातली घासणी झक मारते. फक्त काचेला लावायचं नाही. ओरखडे उठतात."

"आणि झिजेपर्यंत?"

"झिजेपर्यंत मी धुऊन देते ना. दर रविवारी. संस्थेचा माल आहे, एकदा वापरून फेकायचा का म्हणून यांना वाईट वाटतं. सगळी एका बादलीत भिजवते, चोळते, गॅलरीत वाळत टाकते. तुला माहीत नाही? तूच तर परवा काढून घड्या घातल्यास."

घातल्या होत्या खऱ्या. मला ती फडकी वाटली होती.

जगात दुसरीकडे कुठे ही कापडं धुत असतील असं मला वाटत नाही. ती वापरायची आणि फेकायची, कारण मखमलीत रुतलेली भुकटी साबणाला दाद देत नाही. आमच्याकडे बाकीच्या दगडांना लागणारी हिऱ्याच्या पेस्टची कापडं आणि पांढऱ्या पावडरीची कापडं दर रविवारी एकाच बादलीत अंघोळ करत होती. सासऱ्यांनी पेस्ट खरंच लावली नव्हती. नियम त्यांनी अक्षरशः पाळला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि पाषाणही इतका चकचकीत!

मी पांढऱ्या पावडरीच्या एका कापडाची कड कात्रीने कापली आणि दुसऱ्या दिवशी लेसरखाली धरली. तीच रेघ. तेच माप.

सासऱ्यांना मी घरीच सांगितलं, गॅलरीत, वाळत घातलेल्या कापडांसमोर. एवढं सौजन्य मला माझ्या आईने शिकवलंय.

"बाबा, हे हिरे आपल्या बादलीतले आहेत."

आधी ते हसले. मग चिडले. "म्हणजे मला घासता येत नाही? तू मला शिकवणार? चांगली खळखळून धुतलेली कापडं आहेत. नवी दिसतात!"

"दिसतात हो. पण हिरे कुठे जाणार? गेलं ते गेलं, असं नसतं."

हे बोलायला नको होतं, पण बोलून फार बरं वाटलं.

"तुला ती खुर्ची हवी आहे," ते म्हणाले. "म्हणून हे सगळं."

"हवी आहेच. म्हणून हिरे कापडातून दगडात गेले असं होत नाही ना, बाबा. दगड फोडा. घासू नका, नुसता फोडा आणि ताज्या तुकड्यात बघा. एक हिरा दिसला तरी मी मुलाखतीला जाणार नाही."

ते तरातरा आत गेले. सासूबाईंनी मला विचारलं, कापडं काढू का आत. मी म्हटलं, राहू द्या, आता काय बिघडणार आहे.

इथे मला एक कबूल करायलाच हवं: माझे सासरे लबाड नाहीत. लबाड असते तर सोपं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच प्रयोगशाळेत आले, खिशातून तो दगड काढला, फडक्यात गुंडाळला आणि स्वतः हातोडी मारली. तुकडा माझ्यासमोर ठेवला. "बघ," म्हणाले. मी बघितलं. काही नाही. दुसरा तुकडा. काही नाही. दुपारपर्यंत आम्ही तो सगळा दगड वाया घालवला. गार्नेट होते, गारगोटी होती, चुन्याच्या पांढऱ्या शिरा होत्या. हिरा औषधाला नव्हता. शेवटी ते स्वतः यंत्रावर बसले, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर नाही म्हणून. खांदे पडले होते. मला एकदम त्यांची इतकी दया आली, की हिरा सापडावा असंच वाटून गेलं.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन."

"बरं," मी म्हणाले. मनात म्हटलं, माणूस मोठा आहे. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता. तो परत घेता येत नाही, हीच पंचाईत.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. फुलं, फीत, कात्री, सगळं जागच्या जागी. पहिल्या रांगेत सासूबाई नव्या कपड्यांत. सासरे उठले, चष्मा काढला, आणि फीतकापे हार घेऊन पुढे झाले तसं त्यांना हातानेच थांबवलं.

"हा हार मी घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "त्या दगडात हिरे नाहीत. मी चुकलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कापडं, बादली, रविवार. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला शंका आली," सासरे म्हणाले. "मन स्वस्थ बसू देईना. मी दगड फोडला. स्वतःच्या हाताने स्वतःचा शोध फोडला." इथे आवाज जरा ओला झाला. "या काळात घरच्या मंडळींनी मला साथ दिली, त्यांचा मी ऋणी आहे."

घरची मंडळी म्हणजे मी. पाचव्या रांगेत, खांबामागे.

मी वाट बघत राहिले. आता म्हणतील, म्हणजे दगड चाळीस किलोमीटरच खाली गेला होता, अमुक एकीने तो मोजला आहे. ते म्हणाले, "हिरे नाहीत, याचा अर्थ दगड खोल गेला नाही असा होत नाही. प्रश्न खुला आहे. विज्ञानात प्रश्न खुले ठेवण्याचं धैर्य लागतं."

टाळ्या! उभं राहून टाळ्या! हिऱ्यांसाठी वाजल्या नसत्या इतक्या टाळ्या. फीतकाप्यांनी डोळे पुसले, माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "हिरे दगडात नव्हते, हिरा इथे उभा आहे!" हे वाक्य त्यांना तिथल्या तिथे सुचलं, याचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ते आणखी दोनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. पुन्हा सासरे. या वेळी हातात दगड नव्हता, कारण तो आम्ही फोडला होता.

आठवडाभरात फीतकाप्यांनी मला बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. आमच्या संस्थेत कंत्राटी माणसाला चहा म्हणजे वाईट बातमी.

"मॅडम, इतका प्रामाणिक माणूस आजच्या काळात कुठे मिळतो? आणि त्यांचा प्रश्न खुला आहे. तो त्यांनीच पूर्ण करायला हवा. त्यांना आम्ही मुदतवाढ देतोय." त्यांनी कपातला चमचा उगाच फिरवला. "जागा एकच असल्यामुळे मुलाखती तूर्त स्थगित. तुमचं कंत्राट आहेच की."

"आणि माझी मोजमापं?"

"ती फार छान आहेत, असं सर नेहमी म्हणतात."

म्हणजे हिरे खरे निघाले असते तर सासरे राहिले असते, शोधासाठी. हिरे खोटे निघाले तर सासरे राहिले, सचोटीसाठी. खोटे कसे निघाले ते मी शोधून काढलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती राहिलं ते धुपाटणं मीच चमकवून दिलेलं!

त्या संध्याकाळी घरात उत्सव होता. सासूबाईंनी टेबलावर चांगल्या बशा काढल्या होत्या. सासऱ्यांना तीन गावांतून व्याख्यानाची बोलावणी आली होती, विषय 'चूक कशी ओळखावी'. ते खुशीत होते, आणि ती खुशी अगदी निर्मळ होती, त्याचाच मला जास्त राग आला.

"सूनबाई, तो तुझा आलेख दे मला," ते म्हणाले. "दाबाचा आणि खोलीचा. भाषणात दाखवायला बरा आहे. आणि जरा समजावून सांग, लोक काही विचारतात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आमच्या दगडांत पडावंसं वाटलं.

"अगं, एवढं तोंड कशाला पाडतेस?" तो अगदी मायेने म्हणाला. "खुर्ची घरातच राहिली ना? काय फरक पडतो?"

"फरक मला पडतो," मी म्हणाले.

मग सासऱ्यांकडे वळले.

"बाबा, तुम्ही चुकलात, हे तुम्ही भर सभेत सांगितलंत. मोठी गोष्ट केलीत, मी मानते. पण बरोबर कोण होतं, ते सांगायचं राहिलं."

"ते काय, माहीतच आहे सगळ्यांना," सासरे ताटात बघत म्हणाले.

"मग एकदा म्हणा ना. सभेत नको, पेपरात नको. इथेच म्हणा. 'तू बरोबर होतीस.' तीनच शब्द आहेत."

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. नवराही बघत होता. सासऱ्यांनी तोंड उघडलं, घसा खाकरला, पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. भरल्या सभागृहात 'मी चुकलो' म्हणणाऱ्या माणसाला घरातल्या चौघांत ते तीन शब्द उचलेनात.

"भाजी आणखी आहे का?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. पातेलं अर्धं भरलेलं होतं आणि सगळ्यांना दिसत होतं.

सकाळी मी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेला अर्ज पाठवला. तिथे कायमची जागा निघाली होती. अर्जात एक रकाना होता: आपलं काम जवळून जाणणाऱ्या आणि त्याबद्दल निःपक्षपाती मत देऊ शकणाऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं नाव. मी सासऱ्यांचं नाव लिहिलं. आता ती संस्था त्यांना पत्र पाठवेल, आणि त्यात सरळ विचारेल की या बाईंची मोजमापं बरोबर आहेत की नाहीत. उत्तर लेखी द्यावं लागतं. खरं बोलण्याबद्दल सध्या त्यांचं फार नाव आहे, बघू या.